विद्यादंडाच्या गळ्यातली चिंधी

मी एक जुना विद्यादंड आहे. मित्रांनो, 'दंड' म्हटल्यावर दचकू नका. वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलं की भरतात, तो दंड मी नव्हे. मी आहे साडेचार फूट उंचीचा सागवानी दांडा. माझ्या डोक्यावर पितळेचं उघडं पुस्तक आहे आणि त्या पुस्तकावर पितळेचीच ज्योत आहे. लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या एका माळावर आमचं विद्यापीठ आहे. तिथं नवे कुलगुरू आले की पदग्रहणाचा सोहळा होतो. कुलसचिव मला छातीसमोर उभं धरून मिरवणुकीच्या पुढं चालतात आणि व्यासपीठावर नव्या कुलगुरूंच्या हाती देतात. कुलगुरू मला तीन वेळा जमिनीवर टेकवतात, शपथ घेतात आणि मगच खुर्चीत बसतात. ते तीन ठोके पडल्याशिवाय माणूस कुलगुरू झाला, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. एरवी मी कुलसचिवांच्या दालनात काचेच्या कपाटात उभा असतो.

माझं मूळ किनवटच्या जंगलातलं. तीस वर्षांपूर्वी देगलूरच्या मलप्पा सुतारानं मला घडवलं. मलप्पा फार बोलत नसे, पण रंधा बाजूला ठेवून त्यानं त्या वेळच्या साहेबांना बजावलं होतं, "ह्ये लाकूड वलं हाय, सायेब. दोन उन्हाळे खाऊ द्या ह्याला. आत्ताच डोकं बसवलं तर पुढं ढिलं पडतंय बगा." साहेब म्हणाले, "मलप्पा, समारंभ गुरुवारी आहे. लाकडाला विचारून तारखा ठरत नसतात." मग काय, गुरुवारच्या आत मी तयार झालो. लातूरच्या तांबटानं घडवलेलं पितळी डोकं माझ्या शेंड्यावर ठोकून बसवलं आणि सगळे खूश झाले. मलप्पा तेवढा मान हलवत एसटीत बसला.

त्याचं म्हणणं दुसऱ्याच उन्हाळ्यात खरं ठरलं. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. वैशाखात माझं लाकूड आक्रसलं, पितळ मात्र होतं तेवढंच राहिलं, आणि माझं डोकं म्हाताऱ्याच्या दातासारखं हलायला लागलं. एकदा तर तिसऱ्या ठोक्याला ते इतकं खडखडलं की कुलगुरू शपथेचा शब्दच विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला वाचवायला एक बाई आली, आणि आज मला तिचीच गोष्ट सांगायची आहे.

तिचं नाव कावेरीबाई. कंधारकडच्या एका वाडीतली. नवरा लवकर गेला आणि ती मुकादमाच्या हाताखाली कंत्राटावर आमच्या विद्यापीठात झाडलोट करायला लागली. त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात माझं कपाट पुसताना तिनं माझं डोकं हलवून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "अगं बाय, ह्याचं तर खुरप्यासारखं झालंय." दुसऱ्या दिवशी तिनं घरून जुन्या लुगड्याची एक चिंधी आणली. ती ओली केली, माझ्या शेंड्याला घट्ट गुंडाळली आणि वरून डोकं पिळून बसवलं. शेतात खुरप्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा ढिला पडला की बायामाणसं हेच करतात. बस्स, एवढंच. पण त्यानंतर माझं डोकं केसभरही हललं नाही.

बरं, तिला नुसती चिंधी बांधायचीच अक्कल होती असं नाही. मृग लागला की ती चिंधी काढून घ्यायची, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. चिंधी तशीच राहिली तर आत जागा उरत नाही आणि लाकडाला तडा जातो. होळी झाली की ती पुन्हा नवी चिंधी बांधायची. बावीस वर्षांत हा नेम चुकला नाही. हे करताना ती माझ्याशी बोलायची. मला ती 'दांडेबुवा' म्हणायची. "काय दांडेबुवा, नवे सायेब कसे हायत? तीन ठोके देतेत का चार?" असं विचारायची आणि आपली आपणच हसायची. तिची लेक अयोध्या जळकोटला दिली, तेव्हा आहेर काय काय केला, हेसुद्धा तिनं मला कपाट पुसता पुसता सांगितलं होतं.

समारंभात मात्र सगळं कौतुक माझं व्हायचं. पाहुणे मला हातात घेऊन म्हणायचे, "वा, तीस वर्षं झाली तरी कसा ठणठणीत आहे. याला म्हणतात किनवटचं सागवान." मी ताठ व्हायचो. खरं सांगतो मित्रांनो, मला ते गोड लागायचं. चिंधी पितळाच्या आत असल्यामुळे कुणाला दिसत नसे. ती कुणाची, हे तिच्याखेरीज फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि कार्यालयातल्या नरसिंग शिपायाला. नरसिंग कपाटाची किल्ली काढून द्यायचा आणि दारात उभा राहायचा. तो कुणाला बोलला नाही, आणि मी तर बोलूच शकत नाही.

यंदाच्या वैशाखात आमच्याकडे आठव्या कुलगुरू आल्या, डॉ. ज्योत्स्ना जोंधळे. मुक्रमाबादकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या. आजवर आमच्याकडे सगळे पुरुषच झाले होते, त्यामुळे ही बातमी ऐकून कावेरीबाईला आनंद झाला. माझी ज्योत चिंचेनं घासताना ती म्हणाली, "आता बघा दांडेबुवा, बायमाणूस तुमाला धरणार हाय. नीट वागा." त्या दिवशी तिनं माझ्या डोक्याची जुनी चिंधी काढून टाकली. नवी ती सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी बांधणार होती, अगदी ताजी, म्हणजे पकड पक्की राहील. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

सोहळ्याच्या दोन दिवस आधी सभागृहात रंगीत तालीम झाली. अशी तालीम आमच्याकडे नेहमी होते. खुर्ची कुठं, माइक किती उंच, फोटो कुठून, हे सगळं ठरवायचं असतं. नव्या मॅडम अजून आल्या नव्हत्या. लोह्याहून आलेला बबलू फोटोवाला कुरकुरत होता, "साहेब, खुर्चीत माणूस बसल्याबगर मी लाइट कसा लावू? समोर कुणीतरी पाहिजे ना." कुलसचिव रविकांत बिराजदार यांनी इकडं तिकडं पाहिलं. व्यासपीठाच्या कडेला कावेरीबाई झाडणी घेऊन उभी होती. बिराजदार म्हणाले, "मावशी, तुमची उंची मॅडमएवढीच आहे. या, जरा बसा इथं."

कावेरीबाई मागं सरली. "मी कशाला सायेब? माझं झाडायचं राह्यलंय."

"अहो बसा हो, दोन मिनिटं. मी सांगतोय ना."

तिनं झाडणी भिंतीला टेकवली, पदर सावरला आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. बबलूनं तिला मागं सरकून बसायला लावलं. मग बिराजदारांनी स्वतः मला तिच्या हाती दिलं. "दोन्ही हातांनी धरा. उठा, आणि तीन ठोके द्या. माइकवाल्याला आवाज बघू द्या." तिनं मला धरलं, उभी राहिली आणि तीन ठोके दिले. मित्रांनो, सात कुलगुरूंनी मला आपटलं, ठोकलं, एकानं तर फरशीच फोडली. इतक्या हळुवारपणे मला कुणी टेकवलं नव्हतं. तिला ठाऊक होतं ना, आत चिंधी नाही म्हणून. तिसऱ्या ठोक्याला तिला हसू आलं, आणि नेमका तेव्हाच बबलूनं फोटो काढला. नरसिंग पायरीवर उभा राहून हे बघत होता. तोही हसला.

बबलूचा हेतू वाईट नव्हता. उजेड कसा पडतो ते दाखवायला त्यानं तो फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकला. तिथून तो कुणी पुढं ढकलला, देव जाणे. संध्याकाळपर्यंत तो नांदेड-लातूरभर फिरला. कुणीतरी त्याखाली लिहिलं, 'ह्याच का आमच्या नव्या कुलगुरू?' झालं. सकाळी दालनात फोनवर फोन. व्यवस्थापनातले कुणी वजनदार गृहस्थ इतक्या जोरात बोलत होते की मला कपाटात ऐकू येत होतं. "हा नव्या मॅडमचा जाणूनबुजून केलेला अपमान आहे. त्या बाईला खुर्चीत बसायला सांगितलं कुणी?"

बिराजदारांनी रुमालानं मान पुसली. ते प्रभारी कुलसचिव होते. नव्या मॅडमनी त्यांना कायम ठेवायचं की घरी पाठवायचं, हे अजून ठरायचं होतं. मी त्यांना सहा वर्षं ओळखतो. माणूस वाईट नाही, डब्यातली पोळी नरसिंगला देणारा आहे. पण भित्र्या माणसाच्या हातून वाईट गोष्टी घडायला वेळ लागत नाही. ते म्हणाले, "मला काही कल्पना नाही, साहेब. मी माइकचं बघत होतो. ती आपण होऊनच बसली असेल."

मी कपाटात होतो. माझ्या अंगावर तिच्या बोटांचे ठसे अजून होते. मी ओरडलो असतो, काच फोडली असती. पण मी लाकूड. मी उभा राहिलो, एवढंच मला येतं.

दुपारी कावेरीबाई दालनात आली. मुकादम श्रीमंतनं तिला फाटकावरच सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको. तिच्या हातात तिची पिशवी होती आणि पिशवीतून नव्या चिंधीचं हिरवं टोक बाहेर आलेलं मला दिसलं.

"सायेब, तुमीच म्हणला व्हता ना, बसा म्हणून?"

बिराजदार फाइलीतून वर बघेनात. "मावशी, आत्ता लई गडबड आहे. उद्याचा कार्यक्रम होऊ द्या. मग बघू."

"मला कामावर न्हाई घेतलं तरी चालंल. मी कुटं बी भांडी घासीन. पर लोकं म्हणायलेत, कावेरी चोरून बसली. जळकोटला माझ्या लेकीच्या सासूनं तिला फोटो दाखवला अन् हसली. तेवढं एक तुमी सांगा, की तुमीच बसवलाव मला."

"म्हटलं ना, मग बघू."

तिनं पिशवी काखेत धरली. मग दाराकडं वळून नरसिंगला म्हणाली, "भाऊ, तुमी तर व्हता तिथं." नरसिंग चहाचे कप गोळा करायला लागला. कप दोनच होते, पण त्यानं ते गोळा करायला फार वेळ घेतला. कावेरीबाईनं माझ्या कपाटाकडं एकदा पाहिलं. किल्ली मागावी की नाही, असं तिच्या मनात आलं असणार. ती तशीच गेली, आणि हिरवी चिंधी तिच्या पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सोहळा झाला. सनई लागली, झगे घातलेली मंडळी रांगेत उभी राहिली आणि बिराजदारांनी मला उचललं. त्यांचे हात घामानं ओले होते. माझं डोकं पहिल्या पावलापासून डुगडुगत होतं. मी जीव खाऊन लाकूड फुगवायचा प्रयत्न केला, पण बेचाळीस अंशांच्या उन्हात लाकूड फुगतं होय? व्यासपीठाच्या तिसऱ्या पायरीवर बिराजदारांचा पाय किंचित अडखळला. माझं डोकं निखळलं, ठणठण करत तीन पायऱ्या उतरलं आणि पहिल्या रांगेसमोर जाऊन पडलं. सनईवाला थांबला. मागच्या रांगांतली माणसं उठून बघायला लागली.

नव्या मॅडम रांगेतून बाहेर आल्या. बाकीचे नुसते एकमेकांकडं बघत होते. त्यांनी स्वतः खाली वाकून माझं डोकं उचललं, उलटं करून आत पाहिलं. आत बावीस वर्षांच्या चिंध्यांचे धागे चिकटलेले होते, लाल, हिरवे, जांभळे. त्यांनी एक धागा नखानं सोडवला आणि चिमटीत धरला. मग शांतपणे विचारलं, "हे कोण सांभाळतं?"

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी आशा कधी केली नव्हती. विचारणारी बाई समोर उभी होती, आणि ती उगाच विचारत नव्हती. चिंधीनं बसवलेली मूठ काय असते ते तिला ठाऊक असावं, कारण तो धागा तिनं टाकून दिला नाही. बिराजदार जवळ होते. नरसिंग गुच्छांचं तबक घेऊन चार हातांवर उभा होता. मी त्याच्याकडं पाहत होतो. त्याचे ओठ उघडले. त्यानं बिराजदारांकडं पाहिलं. आणि ओठ पुन्हा मिटले.

"कुणी नाही, मॅडम," बिराजदार म्हणाले. "जुना झालाय तो."

मॅडमनी मान हलवली. पुढं काय विचारणार? डोकं टेबलावर ठेवलं गेलं आणि त्यांनी माझ्या नुसत्या बोडक्या दांड्यानं तीन ठोके दिले, शपथ घेतली, आणि खुर्चीत बसल्या. टाळ्या झाल्या. बबलूनं फोटो काढले. उजेड अगदी बरोबर पडला होता.

त्यानंतर माझ्यावर बरेच प्रयोग झाले. डिंक झाला, खिळा झाला, खाचा बुजवायची कसलीशी पांढरी लुकण झाली. डोकं काही बसेना. शेवटी बिराजदारांनी किल्ली नरसिंगपुढं टाकली आणि म्हणाले, "कसंही करून बसवून घ्या. कुणाकडून, ते मला सांगू नका." यावरून ओळखा, त्यांना सगळं कळलेलं होतं.

नरसिंगनं कावेरीबाईला निरोप धाडला. ती आता लोह्याच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासते. रविवारी दुपारी, कचेरी बंद असताना, मागच्या फाटकानं तो तिला आत घेऊन आला, कारण पुढच्या फाटकावर तिला सोडायची मनाई होती. बावीस वर्षं ज्या फरशा पुसल्या त्यांच्यावरून ती चोरासारखी चालत आली. तिनं मला मांडीवर आडवं घेतलं, डिंक खरवडून काढला, खिळा उपसला. पिशवीतून तीच हिरवी चिंधी काढली. नरसिंग दारात उभा होता, नेहमीसारखा.

चिंधी गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "नरसिंगभाऊ, मॅडमनी विचारलं व्हतं म्हणं?"

"हाव."

"तुमी जवळच व्हता म्हणं."

नरसिंगनं दार थोडं लोटून घेतलं. मग म्हणाला, "चार म्हयने राह्यलेत माझे, कावेरीबाय. पेन्शनीचा कागद त्यांच्याच सहीचा हाय."

"खरं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमचे चार म्हयने व्हते. माझे बावीस वर्सं व्हते." मग तिनं माझं डोकं पिळून बसवलं, हलवून पाहिलं, आणि माझ्या अंगावरून पदर फिरवला. जाताना एवढंच म्हणाली, "मिरग लागला की चिंधी काढायची याद ठिवा. न्हाईतर ह्याला तडा जाईल." त्या दिवशी तिनं मला दांडेबुवा म्हटलं नाही. मला ते फार लागलं, पण तिनं का म्हणावं? मी तिचा कोण? तिच्या चिंधीवर ताठ उभा राहून मिरवणारा एक दांडा, आणि वेळ आली तेव्हा हूं की चूं न करणारा.

आता आषाढ चालू आहे. हवा ओली आहे. काचेला आतून वाफ धरते. मृग कधीच उलटला, पण चिंधी आतच आहे. नरसिंगला आठवण आहे, मला ठाऊक आहे. तो रोज कपाटासमोरून जातो आणि मान खाली घालतो. पण त्या रविवारपासून किल्ली बिराजदारांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात असते. किल्ली मागायची म्हणजे का ते सांगावं लागेल, आणि का ते सांगायचं म्हणजे चिंधी कुणी बांधली तेही सांगावं लागेल. म्हणून तो मागत नाही. माझं लाकूड रोज थोडं थोडं फुगतं आहे. परवा दुपारी पितळाच्या खाली एक बारीक आवाज झाला. बिराजदार सही करत होते. त्यांनी पाहिलं नाही. केसाएवढी एक रेघ आहे, शेंड्यापासून बोटभर खाली आलेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मला ही गोष्ट संपवता आली असती. तुम्हीही माना डोलावल्या असत्या. पण मला जपणारी होती, आणि फार छान जपत होती. माझं मागणं वेगळं आहे. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या कचेरीत, कुणावर तरी खोटा आळ येईल. खरं काय ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असेल. आणि कुणीतरी सरळ मनानं विचारील, "हे कोणी केलं?" तेव्हा मी तिथल्या एखाद्या कपाटात उभा आहे, असं समजा. माझ्याकडं पाहू नका, मला तोंड नाही. मी तुमच्याकडं पाहत असेन.